सांगलीहून नाव बघायला

चंद्रपूर-गडचिरोलीला जाऊन वाघ न बघता परत आलेली आमच्या गल्लीतली मी पहिलीच. आल्यापासून जो तो विचारतो, "दिसला का?" मी म्हणते, वाघ नाही दिसला, पण एक नाव बघून आले. मग समोरच्याचा चेहरा पडतो. नावेचं तोंडी सांगायला लागले की मी उभी राहून हातवारे करते आणि दुकानातलं गिऱ्हाईक खोळंबतं, म्हणून शेवटी हे लिहूनच काढते आहे.

आमचं सांगलीला भांड्यांचं दुकान. सासऱ्यांनंतर गेली तीस वर्षं गल्ल्यावर मीच बसते. ॲल्युमिनियमचं पातेलं डोळे मिटून टिचकीवर ओळखते, आणि हे मी सगळ्यांना सांगते. माझी मुलगी केतकी चामोर्शीच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. डिसेंबरात तिचा फोन आला.

"आई, तुला ॲल्युमिनियम कळतं ना?"

"मला नाही कळणार तर कुणाला?"

"मग ये. मासे धरायची नाव निवडायची आहे."

मी जन्मात नावेत बसले नव्हते. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती दरवर्षी घाटावरून बघते, तेवढाच माझा आणि नावेचा संबंध. पण कुणी एवढ्या मानानं बोलावलं की मला नाही म्हणवत नाही. दुकान दिरांवर सोपवलं आणि निघाले. गाडीतलं काही सांगत नाही, कारण मी झोपले होते.

चामोर्शी

ज्यांच्यासाठी नाव घ्यायची ते तुळशीरामभाऊ चामोर्शीपासून जवळच्याच एका गावात राहतात. केतकीनं मला स्टँडवरून थेट तिकडेच नेलं. धानाची कापणी झालेली, खाचरांमध्ये धानाचे पुंजणे रचून ठेवलेले. आमच्याकडे उसामुळे रस्त्यावरून पलीकडचं काही दिसत नाही. इथे नजर लांब जाते ती थेट जंगलाच्या कडेला जाऊन थांबते. गावाच्या मागे मोठा तलाव, त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाची झाडं, आणि आसपास चारदोन छोटी तळी. त्यांना इकडे बोडी म्हणतात.

तुळशीरामभाऊ अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. उंच, काटक माणूस. उजवा पाय सरळ पुढे पसरलेला. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकल घसरली आणि गुडघा गेला. आता तो वाकत नाही. केतकीनं त्यांना काठी घेऊन चालतं केलं, पण त्यांना चालण्यात काही रस नव्हता. त्यांना तलावात जायचं होतं.

"मी पाण्यातलाच माणूस हाय, बाई," ते मला म्हणाले. "काठावर बसून बसून मले कंटाळा आला."

"काठावर बसून जिते त हाय," आतून आवाज आला. ही त्यांची बायको, बायजाबाई. हातात भाताची परात घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "जेवा जी."

तर झालं असं होतं. मच्छीमार सोसायटीची मदत आणि घरचे मिळून पैसे जमले होते, पण एकदाच मिळणारी मदत ती. घेतली ती नाव पुढे कित्येक वर्षं चालवायची. दहाएक दिवसांत तलावातली मासेमारी सुरू व्हायची होती. तुळशीरामभाऊंना बाकावर पाय पसरून बसता येईल अशी रुंद नाव हवी होती. त्यांचा धाकटा भाऊ सुखदेव त्यांच्या वाट्याचे मासे धरतो, त्याला हलकी हवी होती, कारण तलाव आटला की नाव उचलून या बोडीतून त्या बोडीत न्यावी लागते. आणि बायजाबाईची एकच अट होती.

"पाय वाकत नाई, त पोहता येत नाई त्याईले. बुडत नाई अशी नाव दाखवा, मंग मी जाऊ देतो." इकडे बायकाही स्वतःबद्दल 'देतो', 'जातो' असंच बोलतात. पहिल्या दिवशी मला मजा वाटली, चौथ्या दिवशी मीच बोलायला लागले.

"न बुडणारी नाव कुठी भेटते?" सुखदेव म्हणाला.

"मंग नका घेऊ," बायजाबाई म्हणाली आणि माझ्या भातावर मरळ माशाचा रस्सा वाढला.

रस्सा पातळ, लालभडक, वर अंबाडीचा आंबटपणा. मी भाकरी मागितली तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इथे सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. तिसऱ्या घासाला मी भाकरी विसरले, हे सांगलीत कुणाला सांगू नका.

जेवणानंतर सुखदेवनं त्यांचा जुना डोंगा दाखवायला तलावावर नेलं. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद होडी. तिच्यात उकिडवं बसावं लागतं. काठाशी बोट दाखवून तो म्हणाला, "हा पाहा." मला नुसतं पाणी दिसलं. खाली वाकून बघितलं तर गुडघाभर पाण्यात तळाशी डोंगा, आणि त्यात चार मोठे दगड.

"अहो, हा तर बुडालाय."

सुखदेव हसला. "बुडला नाई, ठेवला हाय."

लाकूड उन्हात तडकतं. म्हणून काम झालं की डोंग्यात पाणी भरायचं, दगड ठेवायचे आणि तो तळाशी निजवायचा. सकाळी दगड काढायचे, कलता करून पाणी ओतायचं, की निघाली स्वारी. बापजाद्यांपासून हेच. आम्ही दुकान बंद करून कुलूप लावतो, तसा हे डोंगा बुडवतात. पण हाही डोंगा आता एका टोकाला फाटला होता, आणि नवा कोरायचा तर तेवढं मोठं झाड तोडायला परवानगी नाही. म्हणून ॲल्युमिनियम, आणि म्हणून मी.

बायजाबाई आमच्या मागे पाळीवर येऊन उभी होती. तुळशीरामभाऊ काठी टेकत पाण्याच्या कडेपर्यंत गेले, तशी तिची नजर त्यांच्या पाठीवर खिळली. ते माघारी वळेपर्यंत ती हलली नाही. केतकी हळूच म्हणाली, "दोन वर्षं असंच चाललंय, आई. हे पाण्याकडे गेले की ही कामधाम टाकून पाळीवर."

चंद्रपूर

दुसऱ्या दिवशी सुखदेव, केतकी आणि मी चंद्रपूरला. आधी तर्री पोहे. पोह्यांवर झणझणीत रस्सा ओतायची कल्पना ज्याच्या डोक्यात आली त्याला माझा नमस्कार. आमची मिसळ मला प्यारी आहे, पण मी दोन प्लेट खाल्ल्या आणि नाक पुसत दुकानात शिरले.

ते दुकान मोटारपंपांचं आणि फवारणी यंत्रांचं. दारातच हिरव्या रंगाची, रिबिटं मारलेली नाव उभी करून ठेवली होती. काय सांगू, मला ती बघताक्षणी आवडली. पत्रा जाड. मी टिचकी मारली, टण्ण. बाकावर मारली, टण्ण. तळाला मारली, टण्ण. दुकानदार कुतूहलानं बघत होता. मी त्याला सांगितलं, "भांडं खरं असलं की बोलतं. चीर असली, जोड खोटा असला, की ते भद्द वाजतं." सुखदेवनं मान डोलावली. बाईला कळतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मला स्पष्ट दिसलं, आणि मी आणखी दोन टिचक्या उगाच मारल्या.

"जड हाय," सुखदेव एक टोक उचलून म्हणाला. "चार जण लागतीन."

"जड म्हणजे टिकाऊ," मी म्हटलं. भांड्याच्या दुकानात हे वाक्य मी रोज वापरते.

दुकानदारानं दोन दिवसांसाठी नाव तलावावर न्यायची परवानगी दिली. आवडली तर ठेवा, नाहीतर जशी नेली तशी परत आणा. 'जशी नेली तशी' हे त्यानं दोनदा म्हटलं. मी शब्द दिला.

गडचांदूर

खरं तर मला तिथूनच परत यायचं होतं. पण केतकीच्या दवाखान्यातल्या कुणीतरी गडचांदूरच्या जब्बारभाईंचं नाव सांगितलं होतं, म्हणून नाव टेम्पोनं चामोर्शीला रवाना करून आम्ही तिकडे गेलो. राजुऱ्याच्या पुढे रस्ता बदलतो. सिमेंटचे ट्रक, झाडांच्या पानांवर राखाडी पावडर. माझी जांभळी साडी अर्ध्या तासात कुठल्या रंगाची झाली ते विचारू नका.

जब्बारभाईंचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक शेड. धान्याच्या कोठ्या, पाण्याच्या टाक्या, आणि त्यांच्यामध्ये एक नाव. रंग नाही, डौल नाही. दोन्ही बाक चहूबाजूंनी बंद, पेटीसारखे. पत्रा हिरवीपेक्षा पातळ. जब्बारभाई साठीचे, चष्म्याला दोरी बांधलेली. त्यांनी आधी चहा मागवला, मग बोलले.

मी टिचकी मारली. कडेला टण्ण. बाकावर भद्द.

पुन्हा मारली. भद्द.

मी केतकीकडे अर्थपूर्ण बघितलं. तीस वर्षांचा अनुभव बोलत होता.

"काऊन ठोकता बाई?" जब्बारभाई म्हणाले. "अंदर फोम भरला हाय. नाव पूरी पानीनं भरली तरी डुबनार नाई."

"फोम गादीत असतो," मी म्हटलं. "नावेत कशाला?"

"गादीवाला नाई, बाई. हा पानी पीत नाई."

"माझ्याकडे येणारा प्रत्येक कुकरवाला सांगतो, शिट्टी कधी बिघडणार नाही म्हणून."

ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते हसले. चष्मा काढून पुसला. "बरोबर हाय. माझ्या बोलन्यावर नका घेऊ. उद्या मी सोताच तलावावर आणतो. पाण्यात पाहा, मंग बोला."

आष्टीच्या पुलावरून वैनगंगा ओलांडताना सूर्य मावळत होता. एवढं रुंद, एवढं शांत पाणी मी पाहिलेलं नाही. आमची कृष्णा त्याच्यापुढे लहान दिसते हे मान्य करायला मला पूल संपेपर्यंत वेळ लागला. सुखदेवला विचारलं, तुला कुठली आवडली? तो म्हणाला, "तुमाले जे आवडली ते." तेव्हा पहिल्यांदा मला जरा भीती वाटली. हे लोक खरंच माझ्या टिचकीवर नाव घेणार होते.

तलाव

तिसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर अर्धं गाव. धुकं निवळत होतं. दोन्ही नावा काठाला लावलेल्या, हिरवी नवरीसारखी नटलेली आणि जब्बारभाईंची आपली गप्प. जब्बारभाई लुंगी सावरत आपल्या नावेपाशी उभे.

आधी सुखदेवनं दोन्ही वल्हवून बघितल्या. मग मला आग्रह झाला. हिरवीत एक पाय टाकला तशी ती पुढे सरकली आणि मी काठावरचा पाय उचलायला विसरले. पुढचं तुम्ही समजून घ्या. सुखदेवनं दंडाला धरून आत ओढलं, पण एक चप्पल तलावात तरंगत गेली आणि शेवटी एका म्हशीपाशी सापडली. पण नावेत बसून मधोमध गेले तेव्हा मी सगळं विसरले. चहूकडे शिंगाड्याची पानं, दूर पाळीवर माणसं छोटी छोटी, आणि बुडाखाली पाणी हलल्याचं कळत होतं. छप्पन्न वर्षं मी काठावर का उभी होते, असं वाटून गेलं.

मग तुळशीरामभाऊ. दोघांनी धरून त्यांना हिरवीत बसवलं. त्यांनी पाय लांब केला, वल्हं हातात घेतलं आणि एकच फटका मारला. नाव सरळ निघाली. त्या माणसाचा चेहरा मी तीन दिवस बघत होते, पण तो तसा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. ते दुसऱ्या नावेतही बसून आले, पण मला म्हणाले, "बाई, हिरवीच. दमदार हाय."

"मीही तेच म्हणते," मी म्हटलं.

बायजाबाई पाळीवर हाताची घडी घालून उभी होती. मी तिच्याकडे गेले. "छान आहे ना?"

"छान हाय," ती म्हणाली. "बुडन का नाई, ते सांगा."

टिचकीला त्याचं उत्तर नव्हतं.

मग जेवणं झाली. मोहाच्या झाडाखाली भात, वांग्याची भाजी, तळलेल्या लहान मासोळ्या. जब्बारभाई आणि मी फोमवरून पुन्हा वाद घालत होतो. आणि आमचं लक्ष नसताना सुखदेवनं ते केलं, जे तो लहानपणापासून रोज करत आला होता. काम झालं होतं, ऊन चढलं होतं. तो काठावर गेला, हिरवी नाव कलती करून पाण्यानं भरली, दगड ठेवले आणि तिला तळाशी निजवलं.

माझं लक्ष गेलं तेव्हा हिरवीचं फक्त एक टोक दिसत होतं. मग तेही गेलं.

"अहो, जशी नेली तशी द्यायची आहे ती," मी ओरडले. पदर खोचून मी धावले, माझ्यामागे केतकी, तिच्यामागे जब्बारभाई, "अरे, ये लकडी नाई ना बाबा" म्हणत. सुखदेव कमरेभर पाण्यात उभा राहून आमच्याकडे बघत होता. त्याला काय चुकलं ते कळतच नव्हतं. मग कळलं, आणि त्यानं कपाळावर हात मारला. पाळीवरचे लोक हसून हसून खाली बसले.

पण तेवढ्यात मला दुसरंच दिसलं. जब्बारभाईंची नावही त्यानं भरली होती. पाणी अगदी कडेपर्यंत आलेलं, आत पाच दगड. आणि ती जागच्या जागी तरंगत होती.

"हे बुडूनच नाई राह्यली," सुखदेव वैतागून म्हणाला. "मगापासून दगड टाकून राह्यलो."

जब्बारभाईंनी चष्मा नीट केला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

बायजाबाई पाळीवरून खाली उतरली. लुगडं वर खोचून पाण्यात शिरली. आधी तिनं नावेच्या कडेवर एक हात ठेवून दाबलं. कड पाण्याखाली गेली आणि हात काढताच वर आली. मग दोन्ही हातांनी. पुन्हा वर आली. मग ती पाठमोरी होऊन कडेवर बसली आणि पाय आत घेतले. दगडांसकट, पाण्यासकट, बायजाबाईसकट नाव जराशी खाली गेली आणि थांबली. ती कमरेभर पाण्यात बसली होती, पण नावेत बसली होती.

मी पाण्यात उतरले आणि बाकावर टिचकी मारली. भद्द. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी जब्बारभाईंना म्हटलं, "चुकले मी." ते म्हणाले, "चाय पाजा."

बायजाबाईनं नवऱ्याला हाक मारली. "या जी. बसा इथी."

"पाणी हाय त्यात," तुळशीरामभाऊ म्हणाले.

"मले दिसून राह्यलं. या."

आम्ही त्यांना धरून आत बसवलं. नवरा-बायको पाण्यानं भरलेल्या नावेत समोरासमोर बसले, त्यांचा ताठ पाय तिच्या मांडीशेजारी. बायजाबाईनं सगळ्या अंगाचा भार एकदा या बाजूला टाकला, एकदा त्या बाजूला. नाव डुलली, बुडाली नाही. तिनं ओल्या हातानं तोंड पुसलं. "हेच घ्या," ती म्हणाली.

आणि हलकीही तीच होती. रिकामी केल्यावर सुखदेव आणि बायजाबाईनं ती उलटी डोक्यावर घेतली आणि पाळ ओलांडून बोडीपर्यंत नेऊन आणली.

हिरवी नाव आम्ही सहा जणांनी वर काढली, धुतली, पुसली, उन्हात वाळवली. परत देताना मी दुकानदाराला खरं ते सांगितलं. त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पाण्याची वस्तू पाण्यात गेली, बाई." मी त्याला आमच्या दुकानाचं कार्ड दिलं आणि सांगलीला यायचं निमंत्रण दिलं.

निघायच्या दिवशी

मासेमारी सुरू होईपर्यंत मी राहिले. सकाळी मी निरोप घ्यायला गेले तेव्हा तुळशीरामभाऊ एकटेच तलावाच्या मधोमध जाळं टाकत होते. मी पाळीवर बायजाबाईला शोधलं. नेहमीच्या जागी ती नव्हती. मी घाईनं घराकडे गेले.

ती घराच्या मागच्या अंगणात होती. तिथून तलाव समोर दिसतो. ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती, पुढ्यात अंबाडीचा भारा, आणि शेजारणीशी कशावरून तरी हसत होती. पाण्यावरून तुळशीरामभाऊंनी काहीतरी ओरडून सांगितलं. तिनं मान वळवली नाही.

"ते काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणत असतीन काई," ती म्हणाली. "तुमी बसा जी. तेवढी परात सरकवा इकडे."